बाकापासून किती अंतरावर? एका चर्चच्या स्मृतिबागेतील जागेचे प्रकरण

हे प्रकरण मध्य इंग्लंडमधील एका लहान गावातील चर्चच्या स्मृतिबागेचे आहे. दहनानंतरची रक्षा जमिनीत विसावण्यासाठी राखून ठेवलेल्या त्या बागेत मूळच्या अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती बाईंची रक्षा ठेवली गेली होती. आठ वर्षांनी त्यांच्या पतीची रक्षा त्यांच्या शेजारी ठेवण्याची वेळ आली, तेव्हा त्या नेमक्या कोठे आहेत हे आम्हा कोणालाच सांगता आले नाही. मी त्या वेळी चर्च कौन्सिलची, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीची, चिटणीस होते आणि नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे, म्हणून हा प्रश्न प्रथम माझ्यासमोर आला. गावातील आम्ही मराठी माणसे त्या दोघांना काका-काकू म्हणत असू, येथेही तसेच म्हणते. चर्चचे आणि कुटुंबाचे नाव मात्र देत नाही, कारण ते त्यांचे खासगी दुःख आहे.

आधी त्या जागेविषयी. चर्चभोवतीचे आवार कित्येक शतके दफनासाठी वापरात होते आणि एकोणिसाव्या शतकात, इंग्लंडमधील भरून गेलेल्या असंख्य आवारांप्रमाणे, सरकारी आदेशाने नव्या दफनासाठी बंद झाले. असे बंद आवार राखण्याची जबाबदारी चर्च कौन्सिलला स्थानिक नगरपालिकेकडे सोपवता येते, आणि आमच्याकडे तसेच झालेले होते. गवत कापणे, झाडे छाटणे, पायवाट दुरुस्त करणे ही सारी कामे पालिकेने नेमलेला ठेकेदार करीत असे. पुढे जे घडले त्यात या गोष्टीचा वाटा आहे.

बंद आवारात शवपेटी पुरता येत नाही, परंतु रक्षेचे तसे नाही. १९९२ च्या चर्चविषयक कायद्यानुसार, त्या कामासाठी रीतसर परवानगीने राखून ठेवलेला तुकडा असेल, तर बंद आवारातही रक्षा ठेवता येते. ही परवानगी धर्मप्रांताच्या, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाच्या, न्यायालयाकडून मिळते. तिला फॅकल्टी म्हणतात आणि ती देणारे न्यायाधीश चॅन्सेलर म्हणून ओळखले जातात. चर्च कौन्सिलचा ठराव, धर्मप्रांताच्या सल्लागार समितीचे मत आणि चर्चच्या दारावर लावलेली जाहीर सूचना एवढे सारे झाल्यावर आमच्या कौन्सिलला पूर्वेकडील दगडी भिंतीलगतचा नऊ मीटर लांब आणि चार मीटर रुंद असा हिरवळीचा पट्टा मिळाला. त्याच भिंतीला पाठ लावून एक जुने लाकडी बाक होते.

बागेचे नियम साधे होते. रक्षा डब्यात न ठेवता थेट मातीत ओतायची. खड्डा पंचेचाळीस सेंटिमीटर खोल असावा. वर हिरवळीचा कापलेला चौकोन पुन्हा बसवायचा. कोणाच्याही जागेवर स्वतंत्र फरशी, फुलदाणी किंवा रोपटे नको. मृतांची नावे चर्चमधील स्मृतिग्रंथात, आणि भिंतीवरील एका सामाईक शिळेवर. हे नियम अनेकांना कठोर वाटतात. मला ते तेव्हाही योग्य वाटत होते आणि आजही वाटतात. फरश्यांची परवानगी दिली की दहा-पंधरा वर्षांत त्या कशा खचतात, तिरप्या होतात, कडेला प्लॅस्टिकची फुले आणि पावसाने फिकट झालेल्या बाहुल्या कशा साचतात, हे शेजारच्या गावांत पाहिलेले होते. ज्यांच्या घरचे कोणी येत नाही त्यांची जागाच त्या गर्दीत सर्वांत पोरकी दिसते. नावाशिवायच्या हिरवळीवर सर्व जण सारखे असतात. मात्र जमिनीवर खूण ठेवायची नाही असे ठरवले, की सारी भिस्त नोंदवहीवर येते, आणि नोंदवहीकडे आम्ही हवे तेवढे लक्ष दिले नव्हते.

काकू नगरच्या. त्यांचे घराणे अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासून ख्रिस्ती, आणि त्यांच्या माहेरी दफनाखेरीज दुसरा विचार कोणी कधी केला नव्हता. त्या परिचारिका म्हणून इंग्लंडला आल्या, येथेच निवृत्त झाल्या, आणि आमच्या मंडळीच्या यादीत त्यांचे नाव तीस वर्षांहून अधिक काळ होते. काका वाईचे, हिंदू. दर रविवारी ते काकूंना चर्चच्या फाटकापर्यंत सोडीत, उपासना संपेपर्यंत त्याच बाकावर वर्तमानपत्र वाचीत बसत आणि नंतर चहाला आत येत.

आपले दहन व्हावे हे काकूंनी आजारपणात स्वतः ठरवले. त्यांच्या बहिणीला, आम्ही त्यांना मावशी म्हणतो, हे पटले नव्हते. ख्रिस्ती माणसाने मातीत जावे, अग्नीत नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. काकूंनी त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून दिली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन करण्यात आले आणि रक्षा नगरच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावली. ज्या गावात आपण वाढलो, त्याच गावात मराठी ख्रिस्ती माणसाच्या दहनाचे एवढे मोठे उदाहरण असताना आपण कशाला बिचकायचे, असे काकू म्हणाल्याचे मला आठवते. इंग्लंडमध्ये तर हा प्रश्न केव्हाच मागे पडला होता. वोकिंगच्या दाहगृहात १८८५ मध्ये पहिले दहन झाले, १९०२ मध्ये दहनाचा कायदा झाला, आणि १९४४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांचेही दहन होऊन त्यांची रक्षा कँटरबरी कॅथीड्रलच्या अंगणात, त्यांच्या वडिलांच्या थडग्याजवळ ठेवली गेली. आज या देशात दर पाच मृतांपैकी सुमारे चौघांचे दहन होते. चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमावलीतील कॅनन बी ३८ दहनाला मान्यता देतो आणि रक्षा आदरपूर्वक चर्चच्या आवारात, दफनभूमीत किंवा बिशपांनी त्यासाठी नेमून दिलेल्या जमिनीत ठेवावी असे सांगतो.

दाहगृहातून डबा घरी आला त्या दिवशी मी काकांकडे होते. त्यांनी झाकण उघडले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विचारले, "यात अस्थी कुठे आहेत?" आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडायला जातात, पाणी शिंपडून निवलेल्या राखेतून अस्थी हाताने वेचतात. आपल्या माणसाचे शेवटचे काही हाती लागते ते त्या वेळी. काकांनी वडिलांच्या अस्थी तशा वेचल्या होत्या. इंग्लंडमधील भट्टीत आठशे ते हजार अंश सेल्सियस तापमानाला दहन झाल्यावर उरलेली हाडे यंत्रात दळली जातात आणि कुटुंबाच्या हाती येते ती जाडसर वाळूसारखी, फिकट करड्या रंगाची, दोन-तीन किलो वजनाची भुकटी. त्यात वेचण्यासारखे काही नसते. दाहगृहाने ही गोष्ट अगोदर कोणीतरी सांगावी अशी व्यवस्था ठेवलेली नव्हती, आणि आम्हा मंडळींनाही ती सुचली नाही. त्यानंतर मात्र गावातील प्रत्येक भारतीय कुटुंबाला मी ती आधी सांगत आले.

काकूंची रक्षा एका शनिवारी सकाळी जमिनीत ठेवली गेली. त्या काळचे चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चच्या वास्तूची देखभाल पाहणारे मंडळीतील पदाधिकारी, हे निवृत्त सुतार होते. त्यांनी हिरवळीचा चौकोन फावड्याने अखंड उचलून फळीवर ठेवला, चिकणमातीत खड्डा खणला, आणि काकांना डबा तिरपा करायला सांगितले. "मातीस माती, राखेस राख, धुळीस धूळ" हे शब्द पाळकांनी इंग्रजीत म्हटले आणि काकांच्या विनंतीवरून मी मराठीत म्हटले. मुलाने मोबाइलवर एक छायाचित्र काढले. वॉर्डननी टेपने मापे घेतली आणि आपल्या वहीत लिहिली: "भिंतीपासून दोन मीटर दहा, बाकाच्या डाव्या पायापासून उत्तरेकडे एक मीटर साठ."

दोन वर्षांनी मावशींचा फोन आला. बहिणीची रक्षा नगरला आणून आईवडिलांच्या कबरीत ठेवावी, असे त्यांच्या मनाने घेतले होते. पाळकांनी त्यांना स्वतः पत्र लिहिले आणि त्या पत्राचा मराठी तर्जुमा मी केला. पवित्रीकरण झालेल्या जमिनीतून मानवी अवशेष, मग ते रक्षेच्या स्वरूपात का असेनात, फॅकल्टीशिवाय हलवता येत नाहीत. अशी फॅकल्टी अपवादानेच मिळते. २००२ साली ब्लॅगडन दफनभूमीच्या प्रकरणात आर्चेस न्यायालयाने, म्हणजे चर्चच्या अपील न्यायालयाने, हे तत्त्व पुन्हा स्पष्ट केले, की ख्रिस्ती दफन हे कायमचे असते, आणि ते उलटवायचे तर विशेष कारण दाखवावे लागते. चुकीच्या जागी दफन होणे हे असे कारण ठरू शकते, कुटुंब दुसरीकडे राहायला गेले एवढे पुरेसे नसते. त्या प्रकरणात आपल्या मुलाचे अवशेष हलवू पाहणाऱ्या आईवडिलांना परवानगी मिळाली, हेही पाळकांनी प्रामाणिकपणे लिहिले. शिवाय आमच्याकडे रक्षा डब्याविना मातीत मिसळली होती, त्यामुळे ती पूर्ण परत काढणे शक्यच नव्हते.

मावशींनी मग मूठभर माती मागितली. नाही म्हणणे कोणालाही जड जावे अशी ती मागणी होती. परंतु त्या जागेची माती म्हणजे काही अंशी काकूच, आणि ती उचलणे म्हणजे परवानगीविना अवशेष हलवणे, हे पाळकांना टाळता येत नव्हते. त्यांनी बागेबाहेरच्या, चर्चच्या दारापाशी असलेल्या वाफ्यातील माती देऊ केली. मावशींनी ती घेतली नाही. "तिच्याजवळची नसेल तर माझ्या अंगणात माती आहे," असे त्या म्हणाल्या. मला त्यांचे म्हणणे बरोबर वाटले आणि पाळकांचेही, आणि दोन्ही बरोबर असूनही मावशींचे समाधान झाले नाही, हे लिहून ठेवणे भाग आहे. रक्षा जमिनीत ओतण्यापूर्वी मावशींना विचारले असते, तर डबा बंद असताना सारे मार्ग मोकळे होते.

काका आठ वर्षांनी गेले. मुलाला त्यांच्या टेबलाच्या खणात एक चिठ्ठी सापडली. दहन करावे, रक्षा काकूंच्या शेजारी ठेवावी, वाईला काही न्यायचे कारण नाही. काकांच्या वाईतील धाकट्या भावाला कृष्णेत विसर्जन व्हावे असे वाटत होते, परंतु चिठ्ठी वाचून दाखवल्यावर त्यांनी हट्ट धरला नाही, आणि दहाव्या दिवसापासूनचे विधी त्यांनी तिकडे रीतीप्रमाणे केले.

येथे अनेक मराठी वाचकांना प्रश्न पडेल, की हिंदू माणसाची रक्षा चर्चच्या आवारात कशी ठेवता येईल? मुलालाही तो पडला होता आणि तो जवळजवळ माफी मागतच माझ्याकडे आला. चर्च ऑफ इंग्लंड हे देशाचे प्रस्थापित चर्च असल्याने, चर्चच्या हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक रहिवाशाला, तो कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या आवारात दफनाचा हक्क आहे. हद्दीत मृत्यू पावलेल्या व्यक्तीला तो हक्क आहे आणि मंडळीच्या यादीत नाव असणाऱ्यालाही आहे. आमच्या बागेच्या फॅकल्टीत पात्रता याच तीन गटांपुरती लिहिली होती आणि काका चाळीस वर्षे त्या हद्दीत राहिले होते. चर्चच्या विधीविना दफन करण्याची वाटही १८८० च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मोकळी केलेली आहे. मुलाला तिची गरज वाटली नाही. आईसाठी जे शब्द म्हटले तेच वडिलांसाठी म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती.

तारीख ठरली. दोन दिवस आधी पाळक, नवे वॉर्डन आणि मी वही, टेप आणि चार खुंट्या घेऊन बागेत गेलो. भिंतीपासून दोन मीटर दहा मोजायला काही अडचण आली नाही. भिंत तिथेच होती. बाकाच्या डाव्या पायापासून मोजायला गेलो आणि थांबलो. बाक नवे होते. तीन वर्षांपूर्वी ठेकेदाराने कुजलेले बाक काढून नवे बसवले होते, आणि ते जुन्याच जागी बसवले की सोयीच्या जागी, हे सांगणारे कोणी नव्हते. दुसरी अडचण त्याहून साधी होती. डावा पाय कोणता? बाकावर बसलेल्याच्या डावीकडचा, की बाकासमोर उभे राहून पाहणाऱ्याच्या? ज्यांनी ते लिहिले त्यांना ते इतके उघड होते की लिहिण्याची गरज वाटली नसावी, आणि ते वॉर्डन काकांच्या आधी वर्षभर देवाघरी गेले होते.

चर्चच्या अधिकृत दफन नोंदवहीचा येथे उपयोग नव्हता. १८१२ च्या कायद्याने इंग्लंडमधील दफन नोंदीचे रकाने ठरवले: नाव, राहण्याचे ठिकाण, दफनाची तारीख, वय आणि विधी करणाऱ्याची सही. जागेला त्यात रकाना नव्हता, आणि आमची वही त्याच साच्याची होती. कोण, केव्हा, कोणाच्या हातून, हे सारे दोनशे वर्षे जपले गेले. कोठे, हे त्या वॉर्डनच्या खासगी वहीत.

मुलाला हे सांगायचे कसे, यावर पाळक आणि मी त्या संध्याकाळी बराच वेळ बोललो. अंदाजाने एक जागा दाखवून मोकळे होणे सोपे होते आणि कोणाला ते कधीच कळले नसते. पाळकांनी तो विचार जवळही येऊ दिला नाही. त्यांनी मुलाला फोन करून सांगितले, की तुमच्या आई या पट्ट्यात आहेत, ओळ निश्चित आहे, ओळीतील जागा निश्चित नाही, आम्ही शोधतो आहोत, तारीख पुढे ढकलू या. मुलगा रागावला, आणि त्याच्या रागाला पुरेपूर कारण होते. मात्र दुसऱ्या दिवशी त्यानेच आठ वर्षांपूर्वीचे छायाचित्र पाठवले.

छायाचित्रात हिरवळीचा कापलेला चौकोन पुढे होता, त्यामागे दगडी भिंत, आणि भिंतीत कधीकाळच्या डागडुजीत बसवलेली एकुलती एक लाल वीट. उजव्या कोपऱ्यात जुन्या बाकाची कड दिसत होती. वीट आजही तेथेच होती. परंतु छायाचित्र तिरपे काढलेले असेल, तर चौकोन विटेच्या समोर दिसतो म्हणजे तो समोरच आहे असे होत नाही. छायाचित्रणाऱ्याने एक पाऊल बाजूला टाकले की वीट सरकते. म्हणून मुलाला बोलावले. त्याने मोबाइल हातात धरून, विटेची कड आणि मागच्या समाधीशिळेचे टोक छायाचित्रात जसे एका रेषेत आले होते तसे येईपर्यंत पाऊल पाऊल सरकत जागा शोधली. तेथे एक खुंटी ठोकली आणि तिच्यापासून विटेच्या दिशेने दोरी ताणली. चौकोन त्या दोरीवर कोठेतरी असणार, आणि भिंतीपासून दोन मीटर दहावर असणार. दोन्ही जेथे मिळाले तेथे दुसरी खुंटी.

तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही असे नव्या वॉर्डननी ठरवले, आणि मला त्यांचा हा स्वभाव आवडला. त्यांनी बारीक लोखंडी सळईने भिंतीलगतची हिरवळ वीतवीतभर अंतरावर टोचून पाहिली. नव्या बाकाच्या उत्तरेला सळई दोनदा कठीण वस्तूवर आपटली. जुन्या बाकाचे पाय ज्यांवर उभे होते ते काँक्रीटचे दोन ठोकळे मातीखाली तसेच होते, एकमेकांपासून एक मीटर चाळीसवर. नवे बाक सव्वा मीटर दक्षिणेला सरकले होते. एका ठोकळ्यापासून उत्तरेकडे एक मीटर साठ मोजले तर टेपचे टोक मुलाच्या खुंटीपासून तब्बल दीड मीटर दूर आले. दुसऱ्यापासून मोजले तेव्हा ते खुंटीपासून चार बोटांवर येऊन थांबले. जुन्या वॉर्डननी बाकासमोर उभे राहून डावे-उजवे ठरवले होते, एवढे आता कळले.

आणखी एक गोष्ट वहीतच होती आणि इतके दिवस आमच्या ध्यानात आली नव्हती. काकूंच्या नोंदीपुढे समासात पेन्सिलीचा एक ठिपका होता. असा ठिपका एकूण चार नोंदींपुढे होता. त्या नोंदी वाचल्यावर असे दिसले, की चौघांचेही पती किंवा पत्नी तेव्हा हयात होते, आणि प्रत्येकाच्या दक्षिणेकडचा चौकोन पुढील नोंदींत कोणालाच दिलेला नव्हता. काकांनी त्या शनिवारी वॉर्डनना बाजूला घेऊन काही विचारले होते, हे मुलाला आठवत होते. तोंडी शब्द दिला गेला होता आणि तो पेन्सिलीच्या टिंबाने पाळला जात होता. कायद्याने त्याला किंमत नाही. चर्चच्या आवारात जागा राखून ठेवायची तर त्यासाठीही फॅकल्टी लागते आणि वॉर्डनना तो अधिकार नव्हता. पण चौकोन रिकामा होता आणि काका पात्र होते, तेव्हा पाळकांना हरकत घेण्याचे कारण उरले नाही.

विधीच्या दिवशी हलका पाऊस होता. वॉर्डननी दक्षिणेकडचा चौकोन उचलला आणि फावड्याऐवजी खुरप्याने खणायला घेतले. चाळीस सेंटिमीटर खोलीवर, खड्ड्याच्या उत्तरेकडच्या भिंतीत, तांबूस चिकणमातीत एक फिकट करडी रेघ दिसली, बोटभर जाड, कडेला जराशी पांढरी. वॉर्डननी हात जागीच थांबवला. रक्षा ही मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटची असते आणि ती कुजत नाही. चिकणमातीत ती वर्षानुवर्षे अशी थराने राहू शकते. मुलगा खाली वाकला. त्याने विचारले, "आई?" पाळकांनी हो म्हटले. वॉर्डननी त्या बाजूला खुरपे पुन्हा लावले नाही, रेघेवर हाताने ओली माती लिंपली आणि खड्डा दुसऱ्या अंगाने पुरेसा केला. काका वीतभर अंतरावर विसावले. आठ वर्षांपूर्वी म्हटलेलेच मराठी शब्द मी पुन्हा म्हटले.

दोघांना एकाच चौकोनात ठेवता आले असते का, असे मुलाने नंतर विचारले. आले असते. नियमांत तशी सोय होती, पण त्यासाठी पहिली रक्षा अधिक खोल ठेवावी लागते आणि ते पहिल्या वेळीच सांगावे लागते. काकूंच्या वेळी हा प्रश्न आम्ही काकांना विचारला नव्हता. अर्जाच्या नमुन्यात तो नव्हता. आता आहे, आणि त्याच्या खालीच दोन प्रश्न आणखी आहेत: घरातील आणखी कोणाला रक्षेविषयी काही म्हणायचे आहे का, आणि रक्षा एकदा मातीत ठेवली की ती परत मिळणार नाही हे त्या सर्वांना सांगितले आहे का.

बागेच्या नकाशाचे काम पुढे वर्षभर चालले. आर्चडीकनची, म्हणजे बिशपांच्या हाताखालील वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांची, लेखी परवानगी घेऊन भिंतीच्या दगडांच्या सांध्यांत, एकेका मीटरवर, पितळेचे बारीक खिळे बसवले. दगडात खिळा मारायचा नाही, सांध्यातील चुन्यातच बसवायचा, अशी अट होती. सर्व नोंदी जुन्या ठोकळ्यांवरून नव्या खिळ्यांच्या मापात आणल्या. प्रत्येक नोंदीला आता दोन मापे आहेत, दोन्ही भिंतीवरून घेतलेली, आणि डावे-उजवे हे शब्द त्यांत कोठेही नाहीत. एक प्रत चर्चच्या तिजोरीत आहे आणि दुसरी बाहेर, धर्मप्रांताच्या कचेरीत. काकूंच्या नोंदीची एक प्रत, खिळ्यांचे आकडे आणि लाल विटेचे चित्र यांसह, मी मावशींना नगरला पाठवली. त्यांनी पोच दिली नाही, पण त्यांच्या सुनेने कळवले की कागद त्यांच्या बायबलमध्ये आहे.

पेन्सिलीचे ठिपके असलेल्या उरलेल्या तीन कुटुंबांना पाळकांनी पत्रे लिहिली. त्या ठिपक्यांना कायद्याचा आधार नाही, परंतु वॉर्डननी दिलेला शब्द आम्हाला माहीत झाला आहे, आणि हवी असल्यास जागा राखण्यासाठी रीतसर अर्ज करावा, असे त्यांत लिहिले होते. दोघांनी अर्ज केले आणि त्यांना फॅकल्टी मिळाली. तिसरे पत्र पत्ता बदलल्याच्या शेऱ्यासह परत आले. मंडळीतील वयस्कांना विचारले, दाहगृहाच्या कचेरीत विचारले, पण त्या गृहस्थांचा ठावठिकाणा अजून लागलेला नाही. तिसऱ्या ओळीतील तो चौकोन आम्ही रिकामा ठेवला आहे.